शाखा आणि मिळकत

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या नवागामात घरोघरी एकच विषय निघतो. गेल्या वर्षी यंत्रमागावर काम करणारे एक खानदेशी गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, कोणत्या शाखेच्या इंजिनियराला पगार जास्त, तेवढे सांगा. फीचे मी बघतो." प्रश्न रोकडा होता; उत्तर मात्र इतिहासात शिरल्यावाचून देता येईना.

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तो सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. म्हैसूरच्या शिष्यवृत्तीवर तेथे शिकलेले विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि लवकरच त्या खात्यात त्यांना जागा मिळाली. पुढे १८९६ मध्ये ते आमच्या सुरतेसच कार्यकारी अभियंता होते. त्या काळी शाखा निवडण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. अभियंता म्हणजे स्थापत्याचा; कारण मोठे गिऱ्हाईक एकच, सरकार, आणि त्याला रस्ते, पूल, कालवे हवे होते. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेथे गिरण्यांना लागणारी माणसे घडू लागली आणि यंत्रविद्या व वस्त्रविद्या यांनाही भाव आला. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. विद्या तीच राहिली. मागणारा उठून गेला.

सुरतेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६१ चे. आज तीच सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था. स्थापत्य, यंत्र आणि विद्युत या तिच्या जुन्या शाखा. संगणकाची मागाहून आली आणि पालकांच्या यादीत पहिली जाऊन बसली. सरकारी नोकरीत हा भेद नाही. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवेत उमेदवार स्थापत्याचा असो की विद्युतचा, सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ पासून आरंभीचे मूळ वेतन ५६,१०० रुपयेच ठरले. तफावत पडते ती खाजगी बाजारात.

आता त्या 'पॅकेज'विषयी. राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था आपल्या पदवीधरांचा मध्यक पगार कळवितात. मध्यक म्हणजे सारे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा. पण तो सर्व शाखांचा मिळून एकच असतो, आणि ज्यांना नोकरी लागली त्यांचाच. उच्च शिक्षणास गेलेले नि घरी बसलेले, दोघेही त्यात नाहीत. नापासांना वगळून वर्गाचे गुण काढले, तर माझाही वर्ग हुशार ठरेल!

हे सारे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे चार वर्षांनी गिऱ्हाईक कोण असेल, हे तुम्हांलाही ठाऊक नाही." मी म्हणालो, "नाही." मुलाने स्थापत्य घेतले. वडील वाटेत भेटले की नमस्कार करतात, पण थांबत नाहीत.