सणाच्या तिथीवर आलेले ग्रहण

चिनी पंचांग चांद्र-सौर पद्धतीचे आहे. म्हणजे त्यातील महिने चंद्राच्या गतीवरून मोजले जातात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून आपल्या अधिक मासाप्रमाणे ठरावीक काळाने एक महिना वाढवला जातो. मात्र महाराष्ट्रात अमावास्या सरल्यावर प्रतिपदेने महिना सुरू होतो, तर चीनमध्ये सूर्य-चंद्राची युती ज्या दिवशी घडते तो अमावास्येचा दिवसच महिन्याचा पहिला दिवस असतो. सूर्यग्रहण अमावास्येलाच आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होत असल्याने वर्षारंभाच्या दिवशी सूर्यग्रहण येण्याची, तसेच पहिल्या महिन्याच्या पंधराव्या तिथीचा कंदिलांचा सण किंवा आठव्या महिन्याच्या पंधराव्या तिथीचा मध्य-शरद सण यांवर चंद्रग्रहण येण्याची शक्यता या पंचांगाच्या रचनेतच आहे. कुटुंबाने एकत्र यायचे दिवस आणि अशुभ मानलेले दिवस असे एकाच गणितातून निघाले, आणि ते एकत्र आले की काय करायचे, हा प्रश्न चिनी राज्यसंस्थेपुढे पुन्हा पुन्हा उभा राहिला.

चीनमधील ग्रहणांच्या नोंदी फार प्राचीन आहेत. आन्यांग येथे सापडलेल्या शांगकालीन अस्थिलेखांत, म्हणजे कौल लावण्यासाठी वापरलेल्या हाडांवरील लेखांत, चंद्रग्रहणांचे उल्लेख आहेत. पुढे सम्राट हा 'स्वर्गपुत्र' आणि ग्रहण हा त्याच्या कारभारावरील स्वर्गाचा ठपका, अशी धारणा पक्की झाली. इ.स.पू. 178 मध्ये सूर्यग्रहण झाल्यावर हान घराण्यातील सम्राट वेन याने दोष स्वतःकडे घेणारे फर्मान काढून आपल्या चुका दाखवून देण्याचे आणि सचोटीच्या, स्पष्टवक्त्या माणसांची नावे सुचवण्याचे आवाहन केले. सामान्य लोकांच्या समजुतीत मात्र राहू-केतूंच्या जागी स्वर्गातील एक श्वान होता, आणि त्याला पळवून लावण्यासाठी ढोल व भांडी बडवली जात.

सण आणि ग्रहण यांच्या संघर्षाचे एक ठळक उदाहरण 1040 सालचे आहे. त्या वर्षी सोंग सम्राट रेनझोंग याच्या कारकिर्दीत ऐन नववर्षदिनी सूर्यग्रहण आले. राजाला सल्ला देण्याचे आणि प्रसंगी त्याची चूक दाखवण्याचे काम असलेल्या फू बी या अधिकाऱ्याने मेजवानी व संगीत रद्द करावे आणि उत्तरेकडील खितान राज्याच्या वकिलांना त्यांच्या मुक्कामीच खानपान पाठवावे, अशी विनंती केली. खितानांनी मेजवानी रद्द केली आणि आपण केली नाही, तर दरबाराची मान खाली जाईल, असे त्याचे म्हणणे होते. मंत्र्यांनी ते मानले नाही. पुढे खितानांनी खरोखरच मेजवानी रद्द केल्याचे कळले, तेव्हा सम्राटाला फार पश्चात्ताप झाला, असे सोंग घराण्याचा अधिकृत इतिहास सांगतो. ग्रहणाच्या दिवशी कोणते राज्य अधिक मर्यादेने वागते, यावर प्रतिष्ठा ठरत होती, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

याच सोंग काळात मध्य-शरद सण मात्र लोकांच्या हौसेने बहरला. राजधानी कैफेंगचे वर्णन करताना मेंग युआनलाओ याने नवे मद्य, डाळिंबे, खेकडे, चंद्र पाहण्यासाठी माड्यांवर झालेली गर्दी आणि रात्रभर खेळणारी मुले यांची नोंद केली आहे. पुढील काळात गोल 'चंद्रपोळ्या', म्हणजे आत गोड सारण भरलेल्या जाड पोळ्या, या सणाचे मुख्य पक्वान्न ठरल्या, आणि त्यांचा गोल आकार घर एकत्र असल्याची खूण मानला गेला.

पुढे ग्रहणांचे गणित सुधारले, पण त्यामुळे दरबारी विधी संपले, असे मात्र झाले नाही. 1 सप्टेंबर 1644 च्या सूर्यग्रहणाचे भाकीत जेझुइट धर्मगुरू अॅडम शाल याने अचूक केले, आणि चिंग राजवटीने नवे पंचांग पाश्चात्त्य गणितावर बसवले. त्यानंतर ग्रहणाच्या वेळा प्रांतोप्रांतीच्या कचेऱ्यांना आगाऊ कळवल्या जात. तरीही तेथील अधिकारी साधी वस्त्रे नेसून, अंगणात धूपाचे मेज मांडून, स्पर्शापासून मोक्षापर्यंत ढोलाच्या गजरात साष्टांग नमस्कार घालीत. 1795 साली, सम्राट चियानलोंगच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षी, नववर्षदिनी सूर्यग्रहण आणि कंदिलांच्या सणाला चंद्रग्रहण असा दुहेरी योग आला, तेव्हा सम्राटाने नववर्षाचा अभिनंदन-दरबार रद्द केला. ग्रहण का होते हे त्याच्या ज्योतिर्विदांना पुरेपूर ठाऊक होते; विधी टिकला तो अज्ञानामुळे नव्हे, तर राजाने स्वर्गापुढे उत्तरदायी असले पाहिजे या कल्पनेमुळे.

1912 मध्ये सम्राटपद संपले आणि ज्याच्यावर ठपका ठेवायचा तो स्वर्गपुत्रच उरला नाही. 16 सप्टेंबर 1997 रोजी मध्य-शरद सणाच्या रात्री चीनमधून खग्रास चंद्रग्रहण दिसले. महाराष्ट्रात ती भाद्रपद पौर्णिमेची रात्र होती. 27 सप्टेंबर 2015 रोजी हाच योग पुन्हा आला, पण चीनमध्ये तोवर दिवस उजाडलेला असल्याने ते भाग्य अमेरिका खंडांत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांना लाभले. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्षितिजावर चंद्र उगवला तोच ग्रस्त, म्हणजे ग्रहण लागलेला होता, आणि नंतर सुमारे 72 मिनिटे तो तांबूस दिसत राहिला. ज्या योगाने दरबाराच्या मेजवान्या बंद पाडल्या, तो आता घरच्या जेवणानंतर आजी-आजोबा आणि नातवंडांनी एकत्र पाहण्याचा सोहळा झाला होता. चीनच्या इतिहासात ग्रहणाचे गणित विज्ञानाने सोडवले हे खरे, परंतु सणाच्या रात्री ते निर्धास्तपणे पाहण्याची मोकळीक मिळाली ती राजसत्तेच्या अस्तामुळे, हे विसरता येणार नाही.