डागडुजी करेल त्याचं घर? बुस्साना वेक्कियाची गोष्ट

आजच्या एपिसोडमध्ये आपण इटलीला जाणार आहोत, पण रोम-व्हेनिस सोडून. फ्रान्सच्या सीमेजवळ, समुद्राकाठी सान रेमो नावाचं शहर आहे. तिथला गाण्यांचा फेस्टिव्हल खूप गाजलेला. याच शहराच्या हद्दीत, डोंगरावर सुमारे २०० मीटर उंचीवर एक गाव आहे: बुस्साना वेक्किया. वेक्किया म्हणजे जुनं. म्हणजे कुठेतरी नवं बुस्सानासुद्धा आहे. एका गावाची दोन गावं कशी झाली, तिथून सुरुवात करू.

२३ फेब्रुवारी १८८७. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्यामुळे सकाळी सकाळीच लोक चर्चमध्ये जमलेले. तेवढ्यात भूकंप झाला. चर्चचं छत खाली आलं. एकट्या या छोट्या गावात ५० हून जास्त माणसं गेली, आणि अख्ख्या किनाऱ्यावर ६०० हून जास्त. या भूकंपाचा सविस्तर अभ्यास करणाऱ्यांत जुझेप्पे मेर्काल्ली होते. भूकंपामुळे घरांचं आणि माणसांचं काय होतं, यावरून तीव्रता ठरवणारी 'मर्काली स्केल' आपण शाळेत वाचली ना, तेच हे.

जुनं गाव पुन्हा उभारायचं नाही, असं ठरलं. खाली, समुद्राच्या बाजूला नवं बुस्साना बांधलं आणि १८९४ मध्ये लोक तिकडे गेले. वरचं गाव अर्धं शतक ओस पडलं.

आता गोष्टीचा तो भाग, जो ट्रॅव्हल व्हिडिओंमध्ये सहसा येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतून गरीब कुटुंबं इकडे आली आणि या पडक्या घरांत राहू लागली. नव्या बुस्सानातल्या लोकांनी तक्रारी केल्या. १९५० च्या दशकात पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. नुसतं काढलं नाही, तर परत कुणी येऊ नये म्हणून वरच्या मजल्यांचे जिने आणि छपरंसुद्धा फोडून टाकली. भूकंपातून जे वाचलं होतं, त्यातलं बरंच माणसांनी पाडलं.

मग १९६० च्या आसपास तूरिनचा एक सिरॅमिक कलाकार आला. नाव मारिओ जानी, पण सगळे त्याला 'क्लित्सिया' म्हणायचे. त्याच्या डोक्यात कलाकारांची वसाहत होती. नियम साधे: घर वापरायला मिळेल, मालकी मिळणार नाही. इथे राहा, कलेचं काम करा. वीज नाही, नळ नाही, गटारं नाहीत. ढिगाऱ्यातलेच दगड उचलून लोकांनी भिंती उभ्या केल्या. हळूहळू इतर देशांतले कलाकारही येत गेले.

१९६८ मध्ये पोलीस त्यांनाही काढायला आले. पण या वेळी वाटेत अडथळे रचलेले होते, आणि सोबत पत्रकार हजर होते. पोलीस परत गेले.

मी तिथे गेलो तेव्हा हेच डोक्यात घोळत होतं. दगडी बोळ, कमानी, कमानीखाली छोटे स्टुडिओ, दारात मांजरं. चर्चचा घंटाघराचा मनोरा अजून उभा आहे, आणि आत डोकं वर केलं की थेट आकाश. जागा सुंदर आहेच, त्यात वाद नाही. पण 'कलाकारांनी मेलेलं गाव जिवंत केलं' हे वाक्य मला तिथे अर्धवट वाटलं. कारण त्यांच्याआधी इथे चुली पेटल्या होत्या. कागद त्यांच्याकडे नव्हते, तसे कलाकारांकडेही नव्हते. फरक एवढाच की कलाकारांची बातमी झाली.

आणि मालकीचं काय? सरकारचं म्हणणं, हे सगळं सरकारी. रहिवाशांचं म्हणणं, आम्ही इतकी वर्षं राहिलो, दुरुस्त केलं, म्हणून आमचं. कोर्टात प्रकरणं वर्षानुवर्षं चालली, पण रहिवाशांची मालकी मान्य झाली नाही. ज्या घरात मुलं मोठी झाली, ते घर कागदावर अजून सरकारचं.

आपल्याकडे कुळकायद्याच्या वेळी घोषणा होती: कसेल त्याची जमीन. तोच न्याय लावला तर डागडुजी करेल त्याचं घर, असं म्हणता येईल. मला ते पटतं. पण मग तो न्याय १९५० च्या त्या कुटुंबांनाही लागू व्हायला हवा होता. त्यांना तिथे टिकू दिलं असतं, तर आज आपण तिथे चित्रं बघायला गेलो नसतो कदाचित. एखादं साधं, राहतं गाव असतं. आणि त्यावर कुणी एपिसोडही केला नसता.

तुम्हाला काय वाटतं, घर कुणाचं? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!