हातचलाखी: तंबूतून पडद्यावर

पुणे-नाशिक रस्त्यावरचे, जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामात फडमालक इथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात. याच रस्त्याने आंबेगावातले मंचर मागे टाकले की खेड तालुका लागतो. त्यातल्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे ‘जादूगार रघुवीर’ म्हणून परदेशातही गाजले. ‘प्रवासी जादूगार’ हे त्यांचेच पुस्तक. करमणुकीचे हे दोन्ही धंदे एकाच पट्ट्यातले. सिनेमाने त्यांचे गिऱ्हाईक पळवले, अशी तक्रार नेहमीची. त्यांच्या युक्त्याही उचलल्या, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

जादूगार प्रेक्षकाची नजर एका हाताकडे नेतो आणि काम दुसऱ्या हाताने उरकतो. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत. ‘फाळके’ उलटे वाचून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. रंगमंचावर माणूस नाहीसा करायचा तर पेटीला चोरकप्पा लागतो. सिनेमात कॅमेरा थांबवायचा, माणसाला बाजूला करायचे आणि हँडल पुन्हा फिरवायचे. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) या त्यांच्या चित्रपटात कंसाचे मुंडके धडावेगळे होते. पण पडद्यावर काहीही दाखवता येते हे प्रेक्षकाला कळले आणि नवलाई ओसरली.

हातचलाखीला मग आसरा मिळाला तो चोरीच्या चित्रपटांत. तिथे डोळ्यांना नव्हे, तर्काला फसवायचे असते. ‘व्हिक्टोरिया नंबर २०३’ (१९७२) मध्ये चोरीचे हिरे घोडागाडीच्या दिव्यात असतात. गाडी सगळ्यांसमोर आणि शोध मात्र भलतीकडे. अशोककुमार आणि प्राण यांची जोडी त्यात धमाल करते. ‘धूम ३’ (२०१३) मध्ये तर चोर स्वतःच शिकागोतल्या सर्कशीतला जादूगार. एकच माणूस दोन ठिकाणी कसा, याचे उत्तर निघते जुळा भाऊ.

तमाशाच्या जुन्या प्रेक्षकाला हे उत्तर नवे नव्हते. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘काळू-बाळू’ म्हणून ‘जहरी प्याला’ या वगात शिपाई होत आणि एकसारख्या चेहऱ्यांवर तंबू हसवत. फरक एवढाच, की ‘धूम ३’ने जुळेपण लपवून ठेवले, तंबूत ते तिकीट काढतानाच ठाऊक असे आणि हशा त्यावरच पिके.