एकोणिसाव्या शतकातील विधवाजीवन आणि मराठी साहित्यप्रकार : एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना

विधवाविवाहाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा 1856 मध्ये संमत झाला. मात्र समाजाची मान्यता कायद्याने मिळत नाही, हे पुढील अर्धशतकाने दाखवून दिले. 1863 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू करावे लागले, यावरूनच परिस्थितीची तीव्रता ध्यानात येते. याच काळात विधवेचे दुःख हा विषय मराठी साहित्याच्या विविध प्रकारांतून मांडला गेला. विषय एकच असला, तरी साहित्यप्रकार बदलला की बोलणारी व्यक्ती आणि सुचविला जाणारा उपाय बदलतो. प्रस्तुत लेखात या बदलाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

कादंबरी

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी मानली जाते. पतीसह प्रवास करणारी यमुना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे स्वतःच विधवा होते. प्रवासाच्या चौकटीमुळे अनेक घरांतील दुःख एकत्र मांडणे लेखकाला शक्य झाले. तथापि, धर्मांतर व त्यानंतरचा पुनर्विवाह या शेवटामुळे हा उपाय हिंदू समाजाच्या चौकटीबाहेरचा ठरला.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. येथेही नायिका यमूच आहे; परंतु ती इतरांची दुःखे पाहणारी राहिलेली नसून आपली कथा स्वतः सांगते. सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग त्यामुळे वाचकाच्या घरातलाच वाटू लागतो. 1890 मध्येच मुंबईच्या नाभिक समाजाने नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या केशवपनास नकार दिला होता, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. आपट्यांनी उपाय सुचविला नाही. शीर्षकातूनच त्यांनी समाजाच्या उदासीनतेवर बोट ठेवले.

निबंध

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (1882) या निबंधाला सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याची पार्श्वभूमी आहे. अर्भकहत्येच्या आरोपावरून तिला 1881 मध्ये प्रथम फाशीची शिक्षा झाली व अपिलात ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला ताराबाईंनी उत्तर दिले. कादंबरी वाचकाची करुणा जागी करते. निबंध मात्र पुरुषाला जाब विचारतो. स्त्रीवर लादलेले दोष पुरुषांत किती आहेत, अशी उलट तपासणी करणारी ही तुलना करुणेची याचना करीत नाही. शिवाय पुनर्विवाहबंदी ब्राह्मणांपुरती मर्यादित नाही, हेही त्या स्पष्ट करतात. हा मुद्दा तत्कालीन कादंबरीत क्वचितच आढळतो.

नाटक

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (1899) या नाटकात विधवा मध्यवर्ती नाही. पण वैधव्याची छाया संपूर्ण नाटकावर आहे. वृद्ध भुजंगनाथाशी द्रव्यलोभाने मुलीचे लग्न लावणारा कांचनभट तिला वैधव्याच्याच दारात उभी करतो. विनोद आणि पदे यांच्या साहाय्याने हा विषय सुधारक वाचकवर्गाच्या पलीकडे, सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. अर्थात रंगभूमीवर शारदा वाचते व सुखान्त साधला जातो. प्रत्यक्षात असे वाचणे दुर्मीळ होते.

आत्मकथन

आपट्यांची यमू ‘मी’ म्हणून बोलते, पण तो आवाज पुरुष लेखकाने दिलेला आहे. विधवांचा स्वतःचा आवाज आत्मकथनांतून ऐकू येतो, तो बराच उशिरा. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ 1928 मध्ये, तर त्यांच्या भगिनी आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. बालवयात विधवा झालेल्या आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. या आत्मकथनांत दुःख आहेच; त्याबरोबर शिक्षण, संस्थेसाठीची धडपड, बहिष्कार आणि संसारातील काटकसरही आहे. कादंबरीतील विधवा सोसते. आत्मकथनातील विधवा सोसून पुढे काम करते.

निष्कर्ष

या तुलनेवरून असे दिसते की, कादंबरीने विधवेचे दुःख दृश्य केले, निबंधाने त्याची जबाबदारी निश्चित केली, नाटकाने ते लोकांसमोर नेले आणि आत्मकथनाने विधवेला कर्तृत्ववान व्यक्ती म्हणून उभे केले. केवळ कादंबरीच्या आधारे या काळाचा इतिहास लिहिल्यास विधवा ही सुधारकांच्या दयेचा विषय एवढीच उरते. म्हणून सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने हे सर्व साहित्यप्रकार एकमेकांशेजारी ठेवून वाचणे आवश्यक ठरते. त्यांपैकी एकही साधन दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.