पादाभ्यंग ते रिफ्लेक्सॉलॉजी : निद्रा आणि स्वास्थ्यासाठी पायांच्या मर्दनाची परंपरा (खानदेशच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मानवी शरीराच्या इतिहासात पाय हा अवयव तसा उपेक्षित राहिला आहे. राज्ये, युद्धे, व्यापार आणि धर्म यांच्या इतिहासलेखनात माणसे चालताना दिसतात. परंतु चालून थकलेल्या पायांचे रात्री काय होत असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जळगाव आणि धुळे या शहरांत अलीकडच्या दशकांत 'ॲक्युप्रेशर', 'फूट मसाज', 'रिफ्लेक्सॉलॉजी' हे शब्द परिचयाचे झाले आहेत. तळपायावर मेंदू, यकृत, मूत्रपिंड, हृदय यांच्या जागा दाखविणारे रंगीत तक्ते, उंचवटे असलेल्या चपला, लाकडी रोलर अशी साधने बाजारात आणि प्रदर्शनांत विकली जातात. शांत झोप आणि सर्वांगीण स्वास्थ्य हे या उपचाराचे मुख्य आश्वासन असते आणि 'ही आपल्या ऋषिमुनींची हजारो वर्षांची विद्या आहे' असे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. त्याच वेळी याच शहरांतील अनेक घरांत काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची जुनी पद्धत टिकून आहे.

या दोन्ही गोष्टी एकाच परंपरेच्या आहेत काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे. येथे 'खानदेश' ही संज्ञा जुन्या खानदेश जिल्ह्याच्या अर्थाने वापरली आहे. १९०६ मध्ये या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला.

ग्रंथपरंपरेतील पादाभ्यंग

आयुर्वेदाच्या प्रमुख संहितांमध्ये पायांना तेल लावून मर्दन करण्याचा, म्हणजेच पादाभ्यंगाचा, स्पष्ट उल्लेख आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येच्या ओघात त्याचे फायदे सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा व बधिरता नाहीशी होते, पायांना बळ व स्थैर्य येते, दृष्टी प्रसन्न राहते, टाचांना भेगा पडत नाहीत आणि गृध्रसीसारख्या वातविकाराची भीती राहत नाही, असा त्याचा आशय आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात पादाभ्यंग हा झोप आणणारा, देहाला सुख देणारा आणि श्रम व बधिरता घालविणारा म्हटला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, त्यातही डोके, कान आणि पाय यांना तो विशेषत्वाने करावा, असे सांगितले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्या माणसासाठी जे उपाय दिले आहेत, त्यांत अभ्यंग, स्नान, दूध, मनाला रुचणारे गंध व ध्वनी यांच्या जोडीला संवाहन, म्हणजे अंग चेपणे, याचाही समावेश आहे.

या उल्लेखांतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, पायांचे मर्दन आणि निद्रा यांचा संबंध भारतीय वैद्यकाला निश्चितपणे ठाऊक होता. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. या वर्णनांत तळपायाच्या एखाद्या ठरावीक बिंदूचा यकृताशी, दुसऱ्याचा मूत्रपिंडाशी संबंध जोडणारा नकाशा दिसत नाही. पादाभ्यंगाचे लाभ पायांना, त्वचेला, डोळ्यांना, वाताला आणि झोपेला सांगितले आहेत. शिवाय अभ्यंग सर्वांना सर्वकाळ हितकर मानलेला नाही. कफाने ग्रस्त असलेल्या, नुकतेच शोधन झालेल्या आणि अजीर्ण झालेल्या माणसाने तो टाळावा, अशी मर्यादा वाग्भटाने घातली आहे.

येथे मर्मांचा दाखला हमखास दिला जातो. सुश्रुताने शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली असून त्यांतील तलहृदय, क्षिप्र, कूर्च ही मर्मे पायांतही आहेत. तथापि, ही यादी शल्यचिकित्सकासाठी आहे. कोणत्या ठिकाणी आघात झाला असता मृत्यू, व्यंग किंवा तीव्र वेदना संभवते, हे तीत सांगितले आहे. जी स्थाने जपण्यासाठी नोंदविली गेली, तीच जोराने दाबण्याची स्थाने म्हणून सादर करणे हे मूळ संहितेच्या हेतूशी सुसंगत ठरत नाही.

संवाहन : कला, आजीविका आणि सेवा

पाय चेपणारे हात कोणाचे होते, हा प्रश्नही इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात संवाहक नावाचे एक पात्र आहे. मूळचा पाटलिपुत्राचा हा गृहस्थ उज्जयिनीत येऊन चारुदत्ताच्या पदरी अंग चेपण्याचे काम करतो. पुढे जुगाराच्या नादाने कर्जबाजारी होतो आणि अखेर बौद्ध भिक्षू बनतो. संवाहन आपण कला म्हणून शिकलो, आता मात्र ते पोट भरण्याचे साधन झाले आहे, असे तो वसंतसेनेला सांगतो. प्राचीन नागर जीवनात संवाहन ही शिकण्याची कला होती आणि तिच्यावर उपजीविकाही चालत असे, याची ही बोलकी साक्ष आहे.

शिल्पकलेत हीच क्रिया सेवेच्या रूपाने दिसते. शेषशायी विष्णूच्या मूर्तीत लक्ष्मी विष्णूचे पाय चेपताना दाखविली जाते. जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे जून २०२४ मध्ये लखुजी जाधवांच्या समाधीच्या परिसरातील जतनकामाच्या वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला अशीच एक देखणी शेषशायी मूर्ती सापडली. देव निद्रेत आहे आणि त्याचे पाय चेपले जात आहेत, ही प्रतिमा निद्रा व पादसंवाहन यांचा सांस्कृतिक संबंध अधोरेखित करते. परंतु तीच प्रतिमा झोपणारा कोण आणि जागणारी कोण, हेही दाखविते. घराघरांत सुनेने सासूचे, पत्नीने पतीचे, शिष्याने गुरूचे पाय चेपण्याची जी रीत रूढ झाली, तिला या प्रतिमेने एक आदर्श पुरविला.

खानदेशातील लोकव्यवहार

तापी, गिरणा व पांझरेच्या खोऱ्यातील उन्हाळा कडक असतो. जळगाव-भुसावळ परिसरात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. कापूस, केळी आणि भुईमूग यांच्या शेतीत दिवसभर तापलेल्या काळ्या मातीत वावरणाऱ्या माणसाच्या टाचांना भेगा पडणे, तळपायांची आग होणे आणि उकाड्याने झोप न लागणे हे नित्याचेच. येथील पायांच्या मर्दनाचे मूळ या कष्टाच्या जीवनात शोधले पाहिजे.

काशाच्या वाटीचा उपयोग महाराष्ट्रात इतरत्रही होतो. मात्र अशा उष्ण प्रदेशात त्याला विशेष प्रयोजन प्राप्त होते. काशे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू. तळपायाला तूप, खोबरेल किंवा एरंडेल लावून वाटीच्या बुडाने तो घासतात. काही वेळाने तळवा काळसर होतो आणि 'अंगातली उष्णता निघाली' असे म्हटले जाते. हा काळेपणा धातू, स्निग्ध पदार्थ आणि घाम यांच्या संपर्कातून येतो. त्यामुळे तो उष्णतेचा किंवा 'विषारी द्रव्यां'चा पुरावा ठरत नाही. तरीही डोळ्यांची जळजळ थांबावी आणि झोप लागावी म्हणून हा उपाय करणाऱ्यांच्या अनुभवात तथ्य नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

या सुखाची वाटणी मात्र समान नव्हती. वर्षभराच्या करारावर राबणारा सालदार आणि पहाटे जात्यावर बसणारी सून यांना दिवसाच्या शेवटी पाय चेपून घेण्याचा अधिकार क्वचितच लाभला. सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि नवे सुरू होते. सासुरवाशिणीही आखाजीलाच माहेरी येतात. खानदेशात हा सण इतका मोठा का मानला जातो, याचे एक उत्तर या विश्रांतीत आहे. ज्यांची झोप वर्षभर इतरांच्या सेवेत खर्ची पडे, त्यांच्या वाट्याला येणारे ते मोजके दिवस होत.

याच्या उलट चित्र पदयात्रांमध्ये दिसते. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाताना महिनाभराहून अधिक काळ वाटचाल करते. चैत्रात ऐन उन्हात जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील हजारो भाविक वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात. अशा यात्रांच्या वाटेवर पाणी, फराळ व औषधे यांबरोबरच थकलेल्या पायांना तेल लावून चोळून देण्याची सेवाही केली जाते. येथे पाय चेपणारा वयाने किंवा मानाने धाकटा असेलच असे नाही. अनोळखी वाटसरूचे पाय हाती घेणे हे पुण्यकर्म मानले जाते. घरातील उतरंडीला छेद देणारा हा लोकव्यवहार सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

रिफ्लेक्सॉलॉजीचा उगम व प्रसार

रिफ्लेक्सॉलॉजीचा इतिहास यापेक्षा वेगळा आणि बराच अलीकडचा आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड (१८७२-१९४२) यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून, एका पट्ट्यातील भागावर दाब दिल्यास त्याच पट्ट्यातील दुसऱ्या भागाची वेदना कमी होते, असे मत मांडले. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'झोन थेरपी' हे पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. जो रायली यांच्याकडे काम करणाऱ्या युनिस इंगहॅम (१८८९-१९७४) यांनी या कल्पनेचा विस्तार करून संपूर्ण शरीराचा नकाशा तळपायांवर मांडला. त्यांचे पहिले पुस्तक १९३८ मध्ये निघाले. आज बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांचा पूर्वज हाच नकाशा होय.

भारतात हा विचार प्रामुख्याने 'ॲक्युप्रेशर' या नावाखाली रुजला. मुंबईचे डॉ. देवेंद्र व्होरा यांच्या 'हेल्थ इन युवर हँड्स' यांसारख्या लोकप्रिय पुस्तकांनी तळहात व तळपाय यांवरील बिंदू मध्यमवर्गीय घरांत पोहोचविले. औषधाविना आणि खर्चाविना स्वतःच करता येणारा उपाय म्हणून त्याचे आकर्षण वाढले. या प्रवासात मूळ अमेरिकन नकाशाला चिनी बिंदू, आयुर्वेदातील मर्मे आणि घरगुती पादाभ्यंग यांची जोड मिळाली आणि सर्व मिळून एकच 'प्राचीन विद्या' असल्याचा समज दृढ झाला. असे घडणे केवळ भारतापुरते मर्यादित नाही. इजिप्तमधील सक्कारा येथील अंखमाहोरच्या थडग्यातील हातापायांवर उपचार होत असल्याचे चित्र रिफ्लेक्सॉलॉजीचा प्राचीन पुरावा म्हणून जगभर दाखविले जाते. प्रत्यक्षात त्या चित्रात अवयवांचा कोणताही नकाशा नाही.

आधुनिक संशोधनाच्या प्रकाशात

१९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधील क्रॉयखी व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या विस्तारून तेथून उष्णता बाहेर पडू लागली की झोप लवकर लागते, असे त्यातून दिसून आले. तळपाय चोळल्याने तेथील रक्ताभिसरण वाढते. त्यामुळे पादाभ्यंग आणि निद्रा यांच्या संबंधास शरीरक्रियात्मक आधार संभवतो. 'उष्णता निघते' हे लोकभाषेतील वर्णन या ठिकाणी अगदीच निराधार राहत नाही. पायांच्या मालिशीने झोपेची प्रत व थकवा यांत सुधारणा झाल्याचे काही छोटे अभ्यासही आहेत. मात्र त्यांची संख्यात्मक व पद्धतिविषयक मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

बिंदूंच्या नकाशाबाबत स्थिती वेगळी आहे. एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेऊन, रिफ्लेक्सॉलॉजी कोणत्याही आजारावर परिणामकारक असल्याचे खात्रीलायकपणे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने करविलेल्या २०१५ च्या आढाव्यातही स्पष्ट पुरावा आढळला नाही. परिणामी १ एप्रिल २०१९ पासून तेथे ज्या उपचारपद्धती खासगी आरोग्य विम्याच्या सवलतीतून वगळण्यात आल्या, त्यांत रिफ्लेक्सॉलॉजीचा समावेश होता.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. झोपेसाठी पाय चोळून घेणारा माणूस फारसे काही गमावत नाही. परंतु तळपायावरील बिंदू दाबून मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार बरा होईल या भरवशावर औषध थांबविणारा रुग्ण फार मोठी किंमत मोजतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. अशा पायांवर टणक रोलर किंवा खिळ्यांची चप्पल वापरल्यास झालेली जखम वेळेवर कळत नाही. पायाला जखम, सूज किंवा शिरेत रक्ताची गुठळी असताना मर्दन टाळणे आणि वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते. अभ्यंग कोणी टाळावा, हे सांगणाऱ्या जुन्या ग्रंथकारांचा विवेक आजही उपयुक्त आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पादाभ्यंग आणि रिफ्लेक्सॉलॉजी या दोन भिन्न इतिहास असलेल्या परंपरा आहेत. एकीचे मूळ संहितांतील दिनचर्येत आणि कष्टकऱ्यांच्या दैनंदिन गरजेत आहे. दुसरीचे विसाव्या शतकातील अमेरिकेत. दोहोंत समान असलेला भाग म्हणजे थकलेल्या पायांना मिळणारा स्पर्श, ऊब आणि त्यातून येणारी झोप. या लाभासाठी अवयवांच्या नकाशाची किंवा खोट्या प्राचीनत्वाची आवश्यकता नाही. आपल्या परंपरेत जे आहे ते पुरेसे मौल्यवान आहे. जे नाही ते तिच्या माथी मारल्याने तिचा गौरव वाढत नाही.

त्याचबरोबर स्वास्थ्याचा इतिहास हा श्रमाचाही इतिहास असतो. तापलेल्या रानातून परतणारा सालदार आणि सर्वांनंतर अंथरुणाला पाठ टेकणारी गृहिणी यांच्या झोपेची नोंद ग्रंथांत झाली नाही. चैत्रातल्या वाटेवर अनोळखी यात्रेकरूच्या पायांना तेल लावणाऱ्या हातांनी दाखविलेली समता घराच्या उंबऱ्याच्या आत आली, तरच काशाच्या वाटीचे सुख घरातील सर्वांच्या वाट्याला येईल.