सर्पगंधेची मुळी आणि चार गावांचे लोक

माझ्या फोनवर दोन प्रकारचे संदेश येतात. एक आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, उर्दूत: ब्लडप्रेशरची जगातली पहिली गोळी हकीम अजमल ख़ान यांनी शोधली, इंग्रजांनी ती चोरली. दुसरा शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर, मराठीत: ब्लडप्रेशरचा इलाज आपल्या ऋषींना तीन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होता, पाश्चात्त्यांनी तो चोरला. दोन्ही संदेशांतली वनस्पती एकच, सर्पगंधा. चोरही एकच. फक्त घरमालक बदलतो.

मी नववी-दहावीला उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण दोन्ही भाषांत वाचता येत असल्यामुळे या दोन संदेशांच्या मधली जागा मला दिसते, आणि तिथे खरी गोष्ट आहे. ती गोष्ट दोन्ही संदेशांपेक्षा चांगली आहे. शिवाय तिचा एक महत्त्वाचा अध्याय परळला घडलाय, म्हणजे मीरा रोडहून लोकल पकडून दादरला उतरलं की दहा-पंधरा मिनिटांवर.

आधी एक साधा हिशेब. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं उपकरण इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये केलं. वरचा आणि खालचा असे दोन आकडे स्टेथोस्कोप लावून ऐकण्याची पद्धत रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. जुन्या काळी 'हाय बीपी' नावाचा आजार कुणाच्याच वहीत नव्हता, ना वैद्यांच्या, ना हकिमांच्या. तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वी त्यावर इलाज होता हे म्हणणं म्हणजे थर्मामीटरच्या आधी १०२ ताप नोंदवणं. जुन्या लोकांना जे माहीत होतं ते वेगळं होतं आणि कमी मोलाचं नव्हतं: या मुळीने झोप येते, पिसाटलेला माणूस शांत होतो. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणतात. युनानीत तिचं नाव असरोल.

सापाच्या विषावर मात्र ती चालते याला पुरावा नाही, हे इथेच सांगून टाकते. साप चावला तर मुळी शोधत बसू नये, सरकारी रुग्णालय गाठावं.

लेखी नोंदीत आपल्याकडचा एक जुना माणूस भेटतो, गार्सिया द ओर्टा. पोर्तुगीज वैद्य, जन्माने ज्यूंच्या वंशातला, गोव्यात राहिलेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ये-जा होती आणि तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा चालत. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात श्रीलंकेतल्या 'सापाच्या लाकडा'बद्दल लिहिलंय, आणि मुंगूस नागाशी झुंजताना ती मुळी खातं ही ऐकीव गोष्टही दिलीय. अभ्यासक त्यातल्या एका जातीचा संबंध सर्पगंधेशी जोडतात. मेल्यानंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. विद्वानाला धर्मावरून परका ठरवण्याची सवय तेवढी जुनी आहे.

वनस्पतीचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. लेओनहार्ट राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन डॉक्टर. हलब आणि बगदादपर्यंत आला, कॉफी पिणाऱ्या लोकांचं वर्णन करून गेला, पण हिंदुस्थानात त्याने पाऊलही ठेवलं नाही. नावं अशीच पडतात.

आता दिल्ली. हकीम अजमल ख़ान यांच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी केलं. नावातच आयुर्वेद आणि युनानी शेजारी आहेत, हे लक्षात घ्या. त्या भाषणात गांधीजींनी नुसत्या शुभेच्छा दिल्या नाहीत. आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीला त्यांनी नमस्कार केला आणि वैद्य-हकिमांत ती दिसत नाही अशी तक्रार त्यांच्याच घरी उभं राहून केली. हकीमसाहेबांना हे आधीच कळत होतं. आपल्या औषधांची चाचणी रसायनशाळेत व्हावी म्हणून त्यांनी बाराबंकीच्या एका तरुणाला हेरलं. हा सलीमुज़्ज़माँ सिद्दीकी. अलिगढला शिकलेला, लंडनहून जर्मनीत गेलेला, चित्रकलेचा नाद असलेला, फ्रँकफर्टला चित्रांचं प्रदर्शनही भरवलेला. १९२७ मध्ये त्याने तिथे डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले. ज्या कामासाठी तो परत आला ते काम बघायला बोलावणारा माणूसच राहिला नाही.

सिद्दीकींनी तिब्बियाच्या संशोधन विभागात सर्पगंधेची मुळं घेतली आणि १९३१ मध्ये त्यातून शुद्ध अल्कलॉइड वेगळे केल्याचं प्रसिद्ध केलं. तिघांना हकीमसाहेबांचं नाव दिलं: अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. दोघांना सापाचं: सर्पेंटीन, सर्पेंटिनीन. इथे आमच्या उर्दू संदेशाची गाडी रुळावरून घसरते. रक्तदाब उतरवणारं मुख्य द्रव्य या पाचांत नव्हतं. ते मुळीच्या राळेसारख्या भागात दडलेलं होतं आणि आणखी २१ वर्षांनी, १९५२ मध्ये, बाझलच्या सीबा कंपनीतल्या म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांच्या हाती लागलं. त्याचं नाव रेसरपिन. सिद्दीकींनी ते शोधलं असं लिहिलेले कितीतरी उर्दू लेख मी वाचलेत. प्रेमापोटी लिहिलेले असतात, पण प्रेमाने रसायन बदलत नाही. आणि त्यांच्या नावावर जे आहे ते थोडं थोडकंच आहे का? ते पुढे येईलच.

१९३१ हे वर्षच नवलाचं. त्याच वर्षी कलकत्त्याहून कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लिहिलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही चालते. सेन आयुर्वेदाचे पंडित आणि आधुनिक वैद्यकाचे पदवीधरही. म्हणजे रक्तदाबाची गोष्ट पहिल्यांदा एका कविराजाने मांडली, पण ती पोथीतून नव्हे, पट्टा आणि पाऱ्याच्या साहाय्याने. पुढे १९३३ मध्ये कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा यांच्या चमूने प्रयोगशाळेत त्याला दुजोरा दिला. १९३४ मध्ये मुहम्मद मनाल यांच्या हिमालया ड्रग कंपनीने 'सर्पिना' नावाची गोळी बाजारात आणली. बर्मामध्ये बिथरलेल्या हत्तींना ही मुळी चारताना त्यांनी पाहिलं, अशी गोष्ट कंपनी सांगते. गोळी देशभर खपत होती. जगाला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता परळहून गेला. शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं. शिकवणारे हिंदीच असावेत, ही देणगीदारांची अट होती, कारण तोवर वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असत. शहराच्या नगरपालिकेचं हे रुग्णालय, गिरणगावाच्या मधोमध. इथे हृदयरोगाचं काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी वर्षानुवर्षं रुग्णांना दिली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरच्या चाचणीचा लेख छापला. नवं काही शोधल्याचा आव त्यात नाही. पारा किती होता, औषधाने किती उतरला, त्रास काय झाला, हे ज्याला त्याला तपासता येईल अशा आकड्यांत मांडलंय. मला या सगळ्या गोष्टीत हा लेख सगळ्यात मोठा वाटतो. माहिती अनेकांकडे होती. परक्यालाही पटेल अशी ती वकिलांनी केली.

बॉस्टनला रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, मुळी मागवली आणि आपल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. तिकडे अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी (हे आडनाव, पदवी नव्हे) मनोरुग्णांवरच्या वापराबद्दल निबंध वाचला. त्याची बातमी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली, ती मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांच्या नजरेस पडली, आणि त्यांच्या वॉर्डात रेसरपिन सुरू झालं. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला त्यांत क्लाइन होते आणि आपले वकीलही. दुसऱ्या वर्षी वकिलांना पद्मभूषण मिळालं. ही चोरी असेल तर चोराने मालकाला स्टेजवर बोलावून सत्कार केला म्हणायचं. मात्र पैशाचा हिशेब वेगळा, तो कंपन्यांच्या बाजूला झुकला हे खरंच आहे.

पुढे या रेणूने जे केलं त्याची कल्पना ना दिल्लीला होती ना परळला. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे मातीच्या गोळ्यासारखे निपचित झाले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि ते उठून हिंडू लागले. १९५७ ची ही गोष्ट. मेंदूत डोपामिन नावाचा निरोप्या स्वतःचं काम करतो हे यातून उमगलं, पार्किन्सनच्या उपचाराचा रस्ता इथून निघाला आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की कोकणातल्या मुलांना रडवणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही एल-डोपा असतं. रेसरपिन चेतापेशीतल्या ज्या प्रथिनाला चिकटतं आणि कोठार रिकामं करतं, त्या प्रथिनाचं रेसरपिनसकट चित्र अगदी अलीकडे, गेल्या दोन-तीन वर्षांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालंय.

रक्तदाबाचं म्हणाल, तर तो उतरवल्याने जीव खरंच वाचतात का, हा प्रश्न १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर तपासला गेला. गोळ्या घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत मोठा फरक निघाला. दिलेल्या तीन औषधांतलं एक रेसरपिन होतं. आज तुमच्या-आमच्या अम्मीअब्बांना डॉक्टर जी गोळी लिहून देतात ती बहुतेक वेगळीच असते. रेसरपिन मागे पडलं, कारण नाक चोंदतं, सुस्ती येते, जास्त मात्रेत मन खचतं. म्हणून आमच्या भागात काष्ठौषधीच्या दुकानांतून 'असरोलचं चूर्ण, नैसर्गिक, नुकसान नाही' म्हणून पुड्या दिल्या जातात तेव्हा मला राग येतो. एका पुडीत द्रव्य किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्याच्यावर सिद्दीकी आणि वकील यांनी आयुष्य घालवलं तो प्रश्नच मुळी मात्रेचा होता. चालू गोळी बंद करून ती पुडी घेणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांतल्या काही जणी माझ्या विद्यार्थ्यांच्या आया आहेत.

सिद्दीकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले, कराचीत संशोधन संस्था उभ्या केल्या, १९६१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९९४ मध्ये वारले. फाळणीमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांतून ते गळाले, आणि दिल्लीतला तो काळ तिकडच्या पुस्तकांत पुसट झाला. त्यांचं अजमलीन रक्तदाबाचं औषध कधीच ठरलं नाही. ते हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं. ब्रुगाडा नावाचा एक आनुवंशिक हृदयविकार आहे, धडधाकट माणूस झोपेत जातो असा. ईसीजीत तो पुष्कळदा लपून राहतो. संशय आला की युरोपातले डॉक्टर रुग्णाला देखरेखीखाली अजमलीन टोचतात, आणि लपलेली खूण कागदावर उमटते. त्या तपासणीला ते 'अजमलीन टेस्ट' म्हणतात. करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे दिल्लीच्या एका हकिमाचं नाव आहे.