पंगतीमागची चूल : थँक्सगिव्हिंगची टर्की आणि तिचा धूर

आजचा विषय वाचून काही जण हसले असतील. इतिहासाच्या व्याख्यानात अख्खी टर्की धुरात शिजवण्याची गोष्ट कशाला? पण सणाच्या स्वयंपाकाकडे नीट पाहिलं, की एखादा समाज स्वतःबद्दल काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो, हे दिसायला लागतं. अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग हे त्याचं फार बोलकं उदाहरण आहे.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. घरोघरी टेबलाच्या मधोमध अख्खी टर्की. बहुतेक घरांत ती ओव्हनमध्ये भाजतात. पण दक्षिणेकडच्या राज्यांत, आणि आता इतरत्रही, पहाटे उठून परसात लाकडाचा धूर करायचा आणि पाच-सहा तास त्यात ती शिजवायची, अशी पद्धत आहे. आपल्याकडे निखाऱ्यावर तूप सोडून पदार्थाला धुंगार देतात, तो काही मिनिटांचा मामला. इथे मात्र शिजणंच धुरात होतं.

आधी पक्ष्याबद्दल. टर्की पहिल्यांदा पाळली ती मेक्सिकोतल्या लोकांनी, किमान दोन हजार वर्षांपूर्वी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि तिच्या नावाचा गोंधळ सुरू झाला. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हटलं, फ्रेंचांनीही हिंदुस्थानशीच नातं जोडलं आणि पोर्तुगीजांनी ‘पेरू’ म्हटलं. थोडक्यात, ज्यांनी तिला पाळलं त्यांचं नाव कोणीच दिलं नाही. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याला पोचली. १६१२ मध्ये मुकर्रब खानानं गोव्याहून आणलेल्या दुर्मीळ प्राण्या-पक्ष्यांत ती होती. जहांगीर बादशहानं तिच्या डोक्या-मानेचे बदलते रंग आठवणींत नोंदवले आणि उस्ताद मन्सूरनं तिचं चित्र काढलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

आणखी एक गंमत बघा. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत गेले, तेव्हा युरोपात वाढलेली हीच पाळीव टर्की बरोबर घेऊन गेले. म्हणजे मेक्सिकोचा पक्षी युरोपला वळसा घालून पुन्हा अमेरिकेत आला.

आता सण. १६२१ मध्ये प्लिमथ इथे इंग्रज वसाहतवाल्यांनी पीक हाती आल्यावर तीन दिवस मेजवानी केली. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात तिची हकीकत आहे. चार माणसं पक्ष्यांच्या शिकारीला गेली, वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. त्या पत्रात टर्कीचं नाव नाही. ‘पहिलं थँक्सगिव्हिंग’ हा शिक्काही १८४१ मध्ये, दोनशे वीस वर्षांनी बसला. पुढे संपादिका सारा जोसेफा हेल यांनी राष्ट्रीय सणासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली आणि १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकननं घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्यानं पक्का झाला तो १९४१ मध्ये.

हा सण उत्तरेचा, न्यू इंग्लंडचा. तिथे टर्की चुलीसमोर भाजली जायची. मग तिला धूर कुठून लागला?

धुराचा इतिहास दक्षिणेचा आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक काठ्यांचा उंच मांडव करून खालच्या मंद आगीवर मांस-मासे शिजवायचे. त्या मांडवाच्या शब्दावरून स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ आणि इंग्रजीत ‘बार्बेक्यू’ आलं. १५८५ च्या सुमारास जॉन व्हाइटनं आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर अशाच मांडवावर भाजल्या जाणाऱ्या माशांचं चित्र काढलं. पुढे व्हर्जिनिया-कॅरोलायनात मोठ्या मेजवान्यांचं हे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांवर पडलं. १९३६ ते १९३८ या काळात पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती सरकारी प्रकल्पात नोंदवल्या गेल्या. त्यांत या रात्रींची वर्णनं सापडतात : चर खणायचा, लाकडाचे निखारे करायचे, वर डुक्कर किंवा मेंढी ठेवायची आणि रात्रभर जागून मसाल्याचं पाणी फिरवत राहायचं. सकाळी पाहुणे यायचे. पाहुण्यांची नावं वर्तमानपत्रांत छापली जायची. रात्रभर जागलेल्यांची फारशी कुठे सापडत नाहीत.

विसाव्या शतकात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. त्यांच्याबरोबर धुराची कला शिकागोला गेली, कॅन्सस सिटीला गेली. १९५२ मध्ये शिकागोजवळ पाण्यावर तरंगणारे बोये बनवणाऱ्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीव्हननं बोयाचा गोळा कापून झाकणाची गोल शेगडी केली. झाकण आलं आणि धूर कोंडता आला. चर खणायची गरज उरली नाही. अख्खा पक्षी परसात धुरवणं साध्या कुटुंबाच्या आवाक्यात आलं. वर ओव्हन बाकीच्या पदार्थांसाठी मोकळा!

पण कला सोपी झाली असं समजू नका. टर्की अवघडच. छातीचं मांस कोरडं, ते लवकर शिजतं. मांड्यांना वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. धुराची उष्णता साधारण ११० ते १५० अंश सेल्सिअस. साडेपाच किलोच्या पक्ष्याला मंद आचेवर सहाएक तास. आतलं तापमान ७४ अंशांवर गेल्याशिवाय ती खायची नाही. आच फार कमी ठेवली तर कातडी रबरासारखी होते आणि मांस धोक्याच्या तापमानात रेंगाळतं. हिकरी, पेकान, सफरचंदाचं लाकूड चांगलं. ओलं, काळा धूर करणारं नको, मांस कडू होतं. आणि नीट शिजलेलं मांसही कडेनं गुलाबी दिसतं. धुरातल्या वायूंची मांसातल्या रंगद्रव्याशी क्रिया होते, त्यामुळे. नवखा पाहुणा मात्र कच्चं म्हणून ताट बाजूला सारतो.

हे सगळं ज्ञान कोणा एका घराण्याचं नाही. चरापाशी जागलेल्या माणसांनी ते हातानं शिकून पुढच्या हातांत दिलं. थर्मामीटर नंतर आला.

१९७० मध्ये वाम्पानोआग नेते वामसुट्टा फ्रँक जेम्स यांना प्लिमथच्या वसाहतीच्या साडेतीनशेव्या वर्षाच्या समारंभात भाषणाचं बोलावणं होतं. त्यांनी लिहिलेलं भाषण आयोजकांना पटलं नाही. ते बदलून द्यायला त्यांनी नकार दिला. त्या वर्षीपासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या टेकडीवर ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळला जातो. एकाच गुरुवारी एकीकडे आभार मानले जातात आणि दुसरीकडे लोक शोकासाठी जमतात.

मला कोणाच्या जेवणात खडा टाकायचा नाही. सण आभार मानण्याचाच आहे, तर आभाराची यादी पुरी असावी, एवढंच. पक्षी मेक्सिकोतल्या माणसांचा. मांडव ताइनोंचा. प्लिमथच्या त्या पंगतीतली हरणं वाम्पानोआगांची. आणि रात्रभराचं जागरण अशांचं, ज्यांना पंगतीत पान नव्हतं. आपल्याही सणांचा इतिहास वाचताना पंगतीत कोण बसलं होतं हे विचारून झाल्यावर चुलीपाशी कोण होतं, हेही विचारावं.